कंपनी बुडाली, सही उरली

‘लिमिटेड’ हा शब्द आतां आपल्या घरांतून इतका रुळला आहे कीं, त्याचा अर्थ विचारावा असें कोणास वाटत नाहीं. मुलगा नोकरी सोडून कारखाना काढतो, पाटीवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ हीं अक्षरें झळकतात, आणि घरांतील वडील मंडळी निर्धास्त होतात. धंदा चालला तर उत्तमच; न चालला तर कंपनी बुडेल, घराला कांहीं तोशीस लागणार नाहीं, जबाबदारी लिमिटेड आहे ना! आम्हीही पुष्कळ वर्षें असेंच समजून चाललों होतों. २०२२ सालच्या आषाढांत आमच्या मावशीच्या लोणावळ्याच्या घरीं एक रजिस्टर पत्र आलें, आणि त्या पत्रानें आमची ही समजूत कायमची घालविली. तें पत्र, त्यामागचा कायदा आणि त्या घराचें पुढें काय झालें, ही हकीकत कुटुंबाच्या संमतीनें, पण नांवें वगळून, वाचकांपुढें ठेवीत आहों.

घर तुंगार्लीस. मावशीचे यजमान रेल्वेंत नोकरीस होते. आम्ही त्यांस काका म्हणत असूं. पोटाला चिमटा घेऊन त्यांनीं हें घर बांधलें आणि मृत्युपत्रानें तें मावशीच्या नांवें करून ठेविलें. आपल्या माघारीं हिला कोणाच्या दारीं जावें लागूं नये, एवढाच त्यांचा हेतु. कौलारू छप्पर, पुढें पडवी, मागें फणसाचीं दोन झाडें. पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल येते, मीठ पाझरतें, अंथरुणांना वास मारतो. तरी मावशी तें घर सोडून आठ दिवस कधीं बाहेर राहिली नाहीं.

मावसभाऊ यंत्रशास्त्राचा पदवीधर. त्यानें २०११ सालीं आपली कंपनी नोंदविली. भांडवल एक लाख रुपये. त्या वेळीं खाजगी कंपनीस कायद्यानें निदान तेवढें लागतच असे, २०१५ पासून तीही अट उरली नाहीं. नव्वद टक्के भाग त्याचे, दहा टक्के पत्नीचे. तळेगांवास भाड्याची शेड घेऊन मोटारींचे सुटे भाग करण्याचें काम सुरू झालें. याच तळेगांवांत १९०८ सालीं पैसाफंडाचा कांचकारखाना उभा राहिला होता. अंताजी दामोदर काळे यांनीं गांवोगांव हिंडून लोकांजवळ एकेक पैसा मागितला, लोकमान्य टिळकांनीं त्यांस पाठबळ दिलें. त्या भांडवलापायीं कोणाचें घर गहाण पडलें नाहीं, कारण देणाऱ्यानें पैसा परत मिळावा म्हणून दिलाच नव्हता. आमच्या मावसभावाला असे देणारे कोठून मिळणार? तो बँकेकडे गेला.

बँकेनें साठ लाखांची उचल आणि यंत्रांसाठीं चाळीस लाखांचें कर्ज मंजूर केलें. एक लाख भांडवलाच्या कंपनीस एक कोट रुपये कोणी उगाच देत नाहीं. तारण म्हणून तुंगार्लीचें घर गहाण ठेवावें आणि मावसभाऊ, त्याची पत्नी व मावशी या तिघांनीं हमीपत्र लिहून द्यावें, असें ठरलें. एके दिवशीं बँकेचे गृहस्थ कागद घेऊन घरींच आले. जेथें जेथें सही हवी तेथें पेन्सिलीनें फुल्या केलेल्या होत्या. मावशीनें त्यांस पोहे केले, चष्मा सांपडेना म्हणून फुलीवर बोट ठेवून कोणी दाखवील तेथें सही केली, आणि संध्याकाळीं देवापुढें साखर ठेविली. कागद इंग्रजी होते. ते वाचून दाखवा असें ती म्हणाली नाहीं, आणि वाचून दाखवावे असें मुलालाही सुचलें नाहीं. त्यानें तरी ते कोठें वाचले होते!

सात वर्षें धंदा बरा चालला. २०१९ पासून मागणी घटूं लागली, २०२० च्या साथींत शेडला कुलूप पडलें, नंतर उघडलें तें कर्जाचे हप्ते थकविण्यापुरतेंच. ज्या एका गिऱ्हाइकावर सारी मदार होती त्यानें आपलें काम दुसरीकडे हलविलें. २०२२ च्या आरंभीं बँकेनें कंपनीविरुद्ध मुंबईच्या कंपनी-न्यायाधिकरणांत दिवाळखोरीचा अर्ज चालविला आणि तो दाखल झाला. या कायद्याप्रमाणें अर्ज दाखल होतांच कंपनीविरुद्धच्या सर्व दाव्यांस व जप्त्यांस कांहीं काळ मनाई होते. मावसभावानें ही गोष्ट घरीं मोठ्या समाधानानें सांगितली: “आतां कोणी आपल्याला हात लावूं शकत नाहीं.” त्याच्या ‘आपल्याला’ या शब्दांत सारी चूक होती. मनाई कंपनीपुरती होती. जामीनदाराला तिचें संरक्षण नाहीं, हें २०१८ सालच्या दुरुस्तीनें कायद्यांत स्पष्ट लिहिलेलें आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही त्याच वर्षीं तसाच निर्णय दिलेला आहे.

त्यामुळें आषाढांत जें पत्र आलें तें कंपनीच्या नांवें नव्हतें, मावशीच्या नांवें होतें. २००२ सालच्या तारण-वसुलीच्या कायद्याखालीं बँकेनें कळविलें होतें कीं, एक कोट बारा लाख रुपये साठ दिवसांचे आंत भरावे, नाहीं तर गहाण घराचा ताबा घेण्यांत येईल. “चुकून आलें असेल, मनाई आहे ना,” असें म्हणून मावसभावानें तें पंचांगाखालीं ठेवून दिलें. गणपतीस आम्ही नेहमीप्रमाणें तुंगार्लीस गेलों. आरती झाल्यावर मावशीनें तें पत्र हळूच आमच्या हातीं दिलें आणि म्हणाली, “अरे, तूं जरा बघतोस का? हा म्हणतो कांहीं नाहीं. पण माझें नांव इतक्या ठिकाणीं कशाला असेल?” आम्हीं दिवस मोजले. साठांपैकीं तेरा उरले होते.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर हमीपत्राची प्रत काढून आम्ही ओळीनें वाचावयास बसलों. जें समजलें तें सांगण्यापूर्वीं ‘लिमिटेड’ची मूळ कल्पना सांगितली पाहिजे. हिंदुस्थानांत मर्यादित जबाबदारीचें तत्त्व १८५७ सालच्या कायद्यानें आलें. त्याचा अर्थ इतकाच कीं, भागीदारानें आपल्या भागाची किंमत पुरी भरली कीं कंपनीच्या कर्जापायीं त्याच्याकडे अधिक मागतां येत नाहीं. लंडनांत सालोमन नांवाचा एक बुटांचा व्यापारी होता. त्यानें १८९२ सालीं आपला चालता धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीस विकला. तिच्या २०,००७ भागांपैकीं २०,००१ त्याचे. उरलेले सहा बायको, मुलगी व चार मुलगे यांचे एकेक. आपल्याकडील घरगुती कंपन्यांचा हा जणूं मूळ पुरुषच! धंदा बुडाला तेव्हां खालच्या न्यायालयांनीं म्हटलें कीं, ही कंपनी कसली, हा तर सालोमनच, त्यानें धनकोंचें देणें द्यावें. पण १८९६ च्या नोव्हेंबरांत हाउस ऑफ लॉर्ड्सनें तें फिरविलें. कायद्यानें जन्मास आलेली कंपनी ही निराळी व्यक्ति आहे, तिचें कर्ज तिचें; मग तिचे सारे भाग एकाच घरांत असोत. घर आणि धंदा यांच्यामधली भिंत ती हीच, आणि आजही ती भक्कम उभी आहे.

बँकेला ही भिंत ठाऊक असते, म्हणूनच ती भिंतीला दार पाडून मागते. त्या दाराचें नांव हमीपत्र. १८७२ सालच्या कराराच्या कायद्यांत कलम १२८ आहे: करारांत निराळें लिहिलें नसल्यास जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. भागीदाराची जबाबदारी भागापुरती. जामीनदाराची साऱ्या कर्जाएवढी. पुष्कळांस वाटतें कीं, आधीं कंपनीकडून वसूल करतील, नच झालें तर आमच्याकडे येतील. तसें नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें बँक ऑफ बिहारच्या एका खटल्यांत १९६८ सालींच सांगून ठेविलें आहे कीं, धनकोनें ऋणकोचे दार आधीं ठोठावलेंच पाहिजे असें बंधन नाहीं. तसें असेल तर जामिनाचा उपयोग काय? मावशीच्या नांवें कंपनीचा एकही भाग नव्हता. नफ्याचा एक रुपया तिच्या हातीं आलेला नव्हता. तरी एक कोट बारा लाखांस ती मुलाइतकीच बांधलेली होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं काकांच्या कपाटांत आम्हांस मिताक्षरेसह याज्ञवल्क्यस्मृति सांपडली. काकांना व्यवहाराध्यायाची आवड होती. ऋणादान-प्रकरण उघडलें आणि आम्ही थक्क झालों. याज्ञवल्क्य म्हणतो कीं, भाऊ-भाऊ, पति-पत्नी आणि बाप-लेक हे अविभक्त असतां एकमेकांचे जामीन होऊं शकत नाहींत, एकमेकांस कर्ज देऊं शकत नाहींत, एकमेकांचे साक्षीदारही होऊं शकत नाहींत. ज्या घराची चूल एक, त्या घरांत एकानें दुसऱ्यासाठीं जामीन राहणें म्हणजे उजव्या हातासाठीं डाव्या हातानें हमी देणें. सावकारास त्यांत नवें कांहींच मिळत नाहीं, घराला मात्र गळफास बसतो. आजच्या बँकेची रीत याच्या बरोबर उलट आहे. ती परका जामीनदार मागतच नाहीं. बायको, आई, बाप, भाऊ हेच तिला हवे असतात, कारण त्यांना ‘नाहीं’ म्हणतां येत नाहीं, हें तिला पक्कें माहीत असतें.

मात्र स्मृतीवर उगाच भार टाकूं नये. त्या वचनावर विज्ञानेश्वर लिहितो कीं, परस्परांची संमति असेल तर अविभक्तांतही जामीनकी होऊं शकते. आणि स्त्रियांच्या ऋणाविषयीं याज्ञवल्क्याचें म्हणणें असें कीं, नवऱ्याचें किंवा मुलाचें कर्ज फेडण्यास स्त्री बांधलेली नाहीं, तें कुटुंबाच्या पोषणासाठीं काढलेलें असेल तर गोष्ट निराळी. पण जें तिनें स्वतः कबूल केलें तें तिला दिलेंच पाहिजे. आम्हीं हें मावशीस वाचून दाखविलें तेव्हां ती क्षणभर गप्प राहिली, मग हसून म्हणाली, “म्हणजे त्यानेंही मला सोडलें नाहीं म्हणायचें!”

आपल्या घरांत कर्जाचा विचार नेहमीं उलट दिशेनें झालेला आहे. बापाचें ऋण मुलानें फेडावें, नाहीं तर बापाला सद्गति नाहीं. थोरले माधवराव पेशवे १७७२ सालीं थेऊरास मरणोन्मुख असतां त्यांनीं जी कलमें लिहविलीं, त्यांत कर्जफेडीचें कलम होतें. इंग्रजी न्यायालयांनीं हा धर्म कायद्याच्या रूपानें मान्य केला. मुंबई इलाख्यांत १८६६ सालच्या कायद्यानें मुलाची जबाबदारी बापाकडून आलेल्या मिळकतीपुरती केली. पुढें हिंदु वारसा कायद्याच्या दुरुस्तीनें ९ सप्टेंबर २००५ पासून हा नियमच संपविला. त्या तारखेनंतर बापानें काढलेल्या कर्जासाठीं केवळ धर्म्य कर्तव्य म्हणून मुला-नातवावर दावा चालत नाहीं. म्हणजे जेथें शास्त्र बांधीत होतें तेथें कायद्यानें मोकळें केलें, आणि जेथें शास्त्र शक्य तों मोकळें ठेवूं पाहत होतें तेथें फुलीवरच्या सहीनें बांधून टाकलें. मुलानें बापाचें कर्ज फेडल्याच्या गोष्टी आम्हीं पुष्कळ ऐकल्या होत्या. आईनें मुलाच्या कंपनीचें कर्ज फेडल्याची ही पहिलीच.

उरलेल्या तेरा दिवसांत एका जाणत्या वकिलांच्या सल्ल्यानें बँकेस लेखी हरकत पाठविली. साठ दिवसांच्या आंत अशी हरकत गेली तर बँकेला पंधरा दिवसांत सकारण उत्तर द्यावें लागतें. आमचा मुद्दा असा होता कीं, २०१७ सालीं उचलीची मर्यादा वाढविली तेव्हां मावशीची संमति घेतलेली नाहीं. आणि जामीनदाराच्या संमतीवांचून मूळ करार बदलला तर पुढच्या व्यवहारांपुरता जामीनदार सुटतो, असें कराराच्या कायद्याचें कलम १३३ सांगतें. मुद्दा कायद्यानें खरा होता. पण बँकेचें उत्तर आलें कीं, हमीपत्राच्या अमुक परिच्छेदान्वयें या कलमाचा लाभ आपण आधींच सोडून दिला आहे. पाहतों तों तसें लिहिलेलें होतें! कायदा जामीनदारास ज्या चार-दोन ढाली देतो, त्या बहुतेक बँकांच्या छापील हमीपत्रांत पहिल्याच पानांवर काढून घेतलेल्या असतात. कर्जाचा आंकडा सारे वाचतात. हे परिच्छेद कोणी वाचीत नाहीं.

मावसभावाची एक आशा अजून शिल्लक होती. न्यायाधिकरणानें कंपनीचा शेवट केला म्हणजे कर्जाचाही शेवट होईल, मूळच नाहींसें झालें तर फांदी कशी उरेल, असें त्याचें म्हणणें. पुष्कळ सुशिक्षितांचेंही असेंच मत असतें, आणि तर्कास तें पटतेंही. परंतु हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें जाऊन सुटलेला आहे, आणि त्या निर्णयाला नांव आहे तें पुण्याच्याच एका बांधकाम-व्यावसायिकाचें. १५ नोव्हेंबर २०१९ च्या अधिसूचनेनें सरकारनें १ डिसेंबरपासून कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांस नव्या दिवाळखोरीच्या कायद्याच्या कक्षेंत आणलें. त्यास देशांतील अनेक उद्योगपतींनीं आव्हान दिलें. ‘ललितकुमार जैन विरुद्ध भारत सरकार’ या नांवानें २१ मे २०२१ रोजीं निकाल लागला, आणि अधिसूचना कायम झाली. त्यांत न्यायालयानें आमच्या मावसभावाच्या शंकेचें उत्तरही देऊन ठेविलें: धनकोनें आपण होऊन ऋणकोस मोकळें केलें तर जामीनदारही सुटतो, पण कंपनी मोकळी होते ती कायद्याच्या क्रियेनें, धनकोच्या इच्छेनें नव्हे, म्हणून तेवढ्यानें जामीनदार सुटत नाहीं. कंपनीला मरण आहे. सहीला नाहीं.

त्या दिवसांत आमच्या मुंबईहून लोणावळ्यास फार खेपा झाल्या. गाडी बोरघाट चढूं लागली कीं दर खेपेस एका बाईची आठवण येई. या घाटांतील रेल्वेचें कंत्राट १८५९ सालीं फॅव्हिएल नांवाच्या कंत्राटदारानें सोडलें, आणि तें सॉलोमन ट्रेडवेल यानें घेतलें. तो येथें येऊन थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिनें तें काम हातीं घेतलें, ॲडमसन व क्लाउझर या दोघांकडून करवून घेतलें, आणि १८६३ सालीं घाट वाहतुकीस खुला झाला. कंत्राटदार गेला, कंत्राट राहिलें. मंकी हिलजवळ गाडी थांबे, बाहेर धुकें असे, आणि मांडीवर हमीपत्राची प्रत.

लोणावळ्याच्या पलीकडे डोंगरांतून एक रस्ता ॲम्बी व्हॅलीकडे जातो. पाहुणे कौतुकानें तिचा पत्ता विचारतात. सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनीं सुमारें तीन कोट ठेवीदारांकडून घेतलेले पैसे व्याजासह परत करावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम ३१ ऑगस्ट २०१२ रोजीं झाला. तो पाळला गेला नाहीं म्हणून समूहाचे प्रमुख सुब्रत रॉय यांस ४ मार्च २०१४ रोजीं तिहारच्या तुरुंगांत जावें लागलें, आणि २०१७ सालीं ही वसाहत जप्त करून लिलावास काढण्याचा हुकूम झाला. त्या वेळीं गिऱ्हाईक मिळालें नाहीं. रॉय २०२३ च्या नोव्हेंबरांत वारले. हा जामीनकीचा प्रकार नव्हे, न्यायालयाच्या अवज्ञेचा. पण कंपनीची भिंत किती उंच असली तरी तिच्या आड मनुष्य सदाच लपूं शकतो असें नाहीं, एवढें त्या रस्त्यावरून जातांना मनांत येतेंच. लहान कंपन्यांच्या चालकांस तर याहून साधे सापळे पुष्कळ आहेत. ज्यानें कंपनीच्या धनादेशावर सही केली तो धनादेश न वटल्यास स्वतः फौजदारीस पात्र होतो. खाजगी कंपनीचा प्राप्तिकर थकला व तो आपल्या घोर निष्काळजीपणानें थकला नाहीं असें डायरेक्टरास दाखवितां आलें नाहीं, तर तो त्याच्याकडून वसूल होतो. लबाडीनें धंदा चालविल्याचें सिद्ध झालें तर जबाबदारीला मर्यादाच राहत नाहीं.

आक्टोबरांत बँकेचीं माणसें आलीं. त्यांनीं दारावर ताब्याची नोटीस चिकटविली आणि नियमाप्रमाणें ती दोन वर्तमानपत्रांत छापविली, त्यांतलें एक मराठी. हा ताबा कागदोपत्रीं असतो, घरांतून लगेच कोणास उठवीत नाहींत. पण मराठी वर्तमानपत्र सारी तुंगार्ली वाचते. त्या दिवसापासून मावशीनें मंडईंत जाणें सोडलें. शेजारच्या एका शेतकरी बाईनें तिला येऊन सांगितलें कीं, पवन मावळांतली आमची भातखाचरें बँकेला अशीं घेतां येत नाहींत. तें खरें आहे. शेतजमीन या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. पण त्याच जमिनी बिगरशेती करून कर्जास तारण देण्याची आज मावळांत लाट आहे, आणि बिगरशेती झाली कीं तें कवच गेलें.

मावशीनें एकदां विचारलें, “माझें मंगळसूत्रही नेतील का?” आम्हीं कायदा पाहिला. जामीनदारावर दिवाळखोरीची कारवाई झाली तरी धार्मिक रूढीमुळें अंगावरून उतरवितां येत नाहीं असा दागिना एक लाख रुपयांच्या किंमतीपर्यंत वगळला जातो. तसेंच घरगुती भांडींकुंडीं, धंद्याचीं हत्यारें, आयुर्विम्याचा करार, आणि एकुलतें राहतें घर, शहरांत वीस लाखांचें, खेड्यांत दहा लाखांचें. पण या साऱ्यास एक अट: वस्तु गहाण नसावी. आम्हीं तिला दागिन्यांपुरतें खरें उत्तर दिलें. काकांच्या माघारीं तें मंगळसूत्र तिनें देव्हाऱ्यांत ठेविलेलें होतें, अंगावर नव्हतें, हें आमच्या ध्यानांत मागाहून आलें.

पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणांत पंचेचाळीस दिवसांच्या आंत दाद मागतां येते. ती मागितली, पण वकिलांनीं स्पष्ट सांगितलें कीं यानें वेळ मिळेल, घर मिळणार नाहीं. ज्याचा खरा उपयोग झाला तो नियम निराळाच. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्यापूर्वीं सारें देणें भरलें तर घर सोडवितां येतें. एकदां ती प्रसिद्ध झाली कीं तो हक्क संपतो. २०१६ सालच्या दुरुस्तीपासून हें असें आहे, आणि अनेकांस तें जाहिरात वाचल्यावर कळतें. लिलावांत घर मातीमोल जातें. म्हणून जाहिरातीपूर्वींच आपण होऊन गिऱ्हाईक शोधावें, बँकेशीं एकरकमी तडजोड करावी आणि त्याच पैशांतून ती भागवावी, असा सल्ला मिळाला. तडजोड एक्क्याऐंशीं लाखांवर झाली. घर पुण्याच्या एका डॉक्टर दांपत्यानें घेतलें. २०२३ च्या फेब्रुवारींत खरेदीखत झालें. उरलेल्या पैशांत मावशीस तळेगांवास दोन खोल्यांची जागा मिळाली. कंपनीचीं यंत्रें पुढें भंगाराहून थोड्या बऱ्या भावानें गेलीं.

खरेदीखताच्या दिवशीं वकिलांनीं मावशीस एक गोष्ट समजावून सांगितली. जामीनदारानें कर्ज फेडलें कीं तो धनकोच्या जागीं उभा राहतो. भरलेली रक्कम कंपनीकडून मागण्याचा, आणि इतर जामीनदारांकडून त्यांचा त्यांचा वांटा मागण्याचा त्यास हक्क आहे. कंपनीजवळ कांहीं नव्हतें. इतर जामीनदार म्हणजे मुलगा आणि सून. “म्हणजे मीं माझ्या मुलावर फिर्याद करायची?” मावशीनें विचारलें. वकील म्हणाले, “हक्क आहे, एवढेंच मी सांगतों.” मावसभाऊ खालीं मान घालून बसला होता. सून मात्र शांतपणें म्हणाली, “आई, वांटा आमचा आहे. तुम्ही फिर्याद करूं नका, पण हिशेब ठेवा.”

मावसभाऊ आतां चाकणला एका कारखान्यांत नोकरी करतो. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत तो व त्याची पत्नी तळेगांवास येतात आणि मावशीच्या हातीं पंधरा हजार रुपये देतात. ती चष्मा लावून नोटा मोजते आणि काकांच्या जुन्या रोजनिशींतील कोऱ्या पानांवर तारीख, रक्कम व शिल्लक लिहून दोघांच्या सह्या घेते. आम्हीं परवां ती वही पाहिली तेव्हां सत्तावीस नोंदी झाल्या होत्या. एक्क्याऐंशीं लाखांस या गतीनें पंचेचाळीस वर्षें लागतील. हें तिला सांगावें कीं न सांगावें या विचारांत असतां पान उलटलें, तों समासांत पेन्सिलीनें तोच भागाकार तिनें आधींच करून ठेविलेला दिसला.